शेंडा आणि बुंधा

दुकानात शिरलेल्या नवख्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मजबूत रॉड द्या." दुकानदार जाड, जड, चकचकीत काठी काढतो. गिऱ्हाईक ती दोन्ही हातांनी वाकवून बघतं, वाकत नाही म्हणून खूश होतं आणि पैसे मोजून निघतं. पुढे इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावाच्या काठावर तासन्‌तास बसूनही मासा आमिष टिपून गेल्याचं त्याला कळत नाही, आणि कळलंच तर ओढताना गळ मोकळा निघून येतो. मग दोष आमिषाला दिला जातो, पाण्याला दिला जातो, नशिबालाही दिला जातो. काठीकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ती मोडलेली नसते. हे पुस्तक अशा न मोडलेल्या, पण चुकीच्या काठ्यांमुळे लिहावं लागलं.

गळाच्या काठीला दोन कामं करायची असतात आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. पाण्याखाली काय चाललं आहे याची खबर तिने हातापर्यंत आणायची, त्यासाठी ती नाजूक हवी. मासा लागल्यावर बुडालेल्या बाभळीच्या काटक्यांतून त्याला वर काढायचं, त्यासाठी ती ताठ हवी. एकाच काठीने दोन्ही साधायचं तर शेंडा आणि बुंधा यांच्यात कामाची वाटणी करावी लागते. वरचा साधारण तिसरा हिस्सा चटकन वाकतो आणि सोडल्यावर चटकन सरळ होतो, खालचं अंग मात्र ताठच राहतं. अशा काठीवर 'फास्ट ॲक्शन' असं छापलेलं असतं. मध्यापासून वाकणारी ती मीडियम, मुठीपर्यंत कमान होणारी ती स्लो. ही झाली वाकण्याची जागा. वाकवायला जोर किती लागतो ही बाब निराळी, तिला पॉवर म्हणतात, आणि ती अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम, हेवी अशी चढत जाते. या दोन गोष्टींची गल्लत विकणारेही करतात. फास्ट म्हणजे दणकट, अशी समजूत करून घेऊन माणूस हेवी पॉवरची काठी घरी नेतो. खरं तर लाइट पॉवरची काठीही फास्ट असू शकते, आणि आपल्या तलावांतल्या पाव किलो, अर्धा किलोच्या माशांसाठी नेमकी तीच लागते.

या काठीचा सर्वांत बारकाईने विचार झाला तो अमेरिकेत, वितीहून थोड्या मोठ्या एका माशासाठी. त्याचं नाव क्रॅपी. पांढरा आणि काळा अशा त्याच्या दोन जाती उत्तर अमेरिकेच्या तलावांत आणि संथ नद्यांत राहतात. पांढऱ्या क्रॅपीचा जागतिक विक्रम १९५७ साली मिसिसिपी राज्यातल्या इनिड धरणावर नोंदवला गेला. तो मासा होता ५ पौंड ३ औंसांचा, म्हणजे सुमारे २.३५ किलोचा. एरवी पाव-अर्ध्या किलोच्या माशालाही तिथली मंडळी चांगला म्हणतात. एवढ्याशा जिवासाठी काठीचा इतका काथ्याकूट का व्हावा? कारण त्याचं तोंड. जबड्याच्या बाजूचा भाग इतका पातळ पापुद्र्याचा असतो की तिकडे त्याला 'कागदी तोंडाचा' असंच म्हणतात. जोरात हिसका दिला की पापुद्रा फाटतो आणि मासा जातो. शिवाय तो बऱ्याचदा खालून वर येत आमिष उचलतो, त्यामुळे दोरी ताणली जाण्याऐवजी सैल पडते आणि काठीचा शेंडा खाली न जाता किंचित वर उठतो. आमिषाचं वजन असतं दीड ते साडेतीन ग्रॅम. लुळ्या काठीच्या शेंड्याला ते एवढंसं वजन आलं काय नि गेलं काय, काहीच समजत नाही. ताठ अंगाच्या, चपळ शेंड्याच्या काठीवर ते दिसतं. आणि ताठ बुंध्यामुळे मासा बुडालेल्या झाडोऱ्यात घुसण्याआधीच सरळ वर उचलता येतो, हिसका द्यावा लागत नाही.

आपल्याकडे क्रॅपी नाही, आणि हौसेखातर तो इथे कुणी आणू नये असं मी आवर्जून म्हणेन. तिलापिया १९५२ साली असाच बाहेरून भारतात आला आणि कितीतरी तळ्यांत त्याने देशी माशांची जागा बळकावली. आता तो आहेच, तर त्याला धरणं वावगं नाही. पण क्रॅपीच्या काठीमागचा विचार मात्र सीमा ओलांडून आपल्यापर्यंत जरूर यावा. तो विचार असा की काठी माशाच्या वजनाकडे पाहून निवडण्याआधी त्याच्या तोंडाकडे पाहून निवडावी.

इंदूरच्या आसपास मिळणाऱ्या माशांची तोंडं एकदा नीट न्याहाळली तर हा मुद्दा आपोआप पटतो. कटल्याचं तोंड मोठं आणि वर वळलेलं असतं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्या जबड्यात दात नाहीत. तो आमिषावर झडप घालत नाही, पाण्याबरोबर ते आत ओढून घेतो, आणि नको वाटलं तर तितक्याच सहज बाहेर टाकतो. कळायला जो काही वेळ मिळतो तो एवढाच. रोहूचे ओठ जाड, झालरीसारखे. तो मधल्या थरात चरतो आणि आमिष ओठांनी चाचपतो. मृगळ तळाशी तोंड लावून असतो. तिलापियाचं तोंड लहान, तो टोकरत टोकरत खातो. त्याची मादी अंडी आणि पिल्लं तोंडातच सांभाळते आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही, म्हणून त्या दिवसांत गळाला लागतात ते बहुतेक नर. मरळ मात्र या सगळ्यांहून वेगळा. त्याचा जबडा हाडाळ आणि दातांचा, आणि तो पाणवनस्पतींच्या दाटीत दबा धरून बसतो. त्याच्या जबड्यात गळ रुतवायचा तर जोर लागतो आणि वनस्पतींतून ओढून काढायला त्याहून जास्त. मरळाच्या काठीने कटला धरायला बसणाऱ्याचे ओठातून सुटलेले मासे मोजायला बोटं पुरायची नाहीत. उलट कटल्याच्या काठीने मरळ धरायला गेलात तर शेंडाच मोडेल.

इंदूरच्या गळवाल्याला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, आणि ती इथल्या भूगोलातून आली आहे. महूजवळचा जानापाव डोंगर हा माळव्याच्या पाण्याचा दुभाजक. त्याच परिसरातून चंबळ आणि गंभीर उत्तरेला निघतात. गंभीरेवर यशवंत सागर अडवला आहे, पुढे ती क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाने चोरल आणि कारम दक्षिणेला उतरतात आणि विंध्याचा कडा ओलांडून नर्मदेला जाऊन मिळतात. म्हणजे एकाच डोंगरावर पडलेल्या पावसातला काही बंगालच्या उपसागराला जातो आणि काही अरबी समुद्राला. उत्तरेकडे पठारावरचे संथ तलाव, गाळाचा तळ, बुडालेली झुडपं. दक्षिणेकडे दगडाळ पात्र, धार, डोह आणि खडकांच्या कपारी. या दोन पाण्यांना एकच काठी पुरेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ताठ अंगाची, चपळ शेंड्याची जी काठी या पुस्तकाचा मुख्य विषय आहे, ती उत्तरेच्या पाण्याची.

दक्षिणेचा राजा महाशीर. त्याचे ओठ जाड आणि चिवट. जबड्यात दात नाहीत, पण घशात आहेत आणि ते इतके बळकट की कच्चा गळ चुरडून जातो. गळ लागला की तो धारेच्या दिशेने जी पहिली धाव घेतो, त्या धावेनेच महाशीर जगभर प्रसिद्ध झाला. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं, त्यात मानाचं पान महाशीराचंच आहे. त्या धावेत ताठ काठी कामाची नाही. झटका तिच्या अंगात मुरत नाही, तो थेट दोरीवर आणि गळावर येतो. तिथे मुठीपर्यंत वाकणारी, धाव पोटात घेणारी काठीच हवी. पण नर्मदेच्या महाशीराबद्दल बोलताना फक्त काठीचा विचार करून भागत नाही. मध्य प्रदेशाने २०११ साली त्याला राज्यमासा ठरवलं, ते तो घटत चालला होता म्हणूनच. इंदिरा सागर, ओंकारेश्वर अशा धरणांनी वाहती नर्मदा थांबलेल्या पाण्याच्या टप्प्यांत विभागली गेली, आणि महाशीर हा वाहत्या, स्वच्छ, दगडाळ पाण्यात विणारा मासा आहे. बडवाहच्या बाजूला, चोरलच्या पात्रात त्याला पुन्हा जगवण्याचे प्रयत्न झाले आहेत. चुकून गळाला लागलाच तर ओल्या हातांनी, पाण्यातच गळ काढून त्याला सोडून द्यावं. या पुस्तकात महाशीर धरण्याचं प्रकरण मी मुद्दाम घातलेलं नाही.

काठी हा विषय साहेबाने आणला, असा एक समज आपल्याकडे आहे. तो दूर व्हायला हवा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, ही नोंद ज्यात सापडते तोच हा ग्रंथ. राजाच्या करमणुकींमध्ये सोमेश्वराने मत्स्यविनोदाला स्वतंत्र जागा दिली, आणि कोणत्या जातीच्या माशाला कोणतं खाणं घालावं इथपर्यंतचा तपशील त्यात आहे. श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेसाठी संपादित केला, आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रकरणाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. मासा आणि आमिष यांची जातवार सांगड घालणारी ही दृष्टी दख्खनची आहे, जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीची. थॉमस तिच्यानंतर साडेसातशे वर्षांनी आले.

आणि काठीचं लाकूड तर आपल्याच रानातलं. मध्य प्रदेश आणि विदर्भाच्या कोरड्या जंगलांत वाढणारा मानवेल जातीचा बांबू कमी पाण्यात भरीव होतो. याच जातीचा बांबू एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याहून जहाजांतून परदेशी जाई आणि तिकडे 'कलकत्ता केन' म्हणून ओळखला जाई. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिपी नावाच्या बंदूक बनवणाऱ्या कारागिराने १८४०च्या दशकात बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून काठ्या बनवल्या. स्प्लिट केनची जी परंपरा पुढे अमेरिकेत फोफावली, तिच्या सुरुवातीला आपला बांबू होता. नंतर चीनच्या ग्वांगदोंगमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. नर्मदाकाठचे केवट आणि भोई आजही मानवेलीची काठी निवडताना काय बघतात ते समजून घेतलं तर आधुनिक रॉडचं अर्धं शास्त्र कळतं. पेरं लांब आहेत का, शेंडा बारीक होत होत गेला आहे की मध्येच तुटक झाला आहे, बुंधा मुठीत मावतो का, शेंडा हलवून सोडला तर किती वेळ थरथरतो. शेवटचा प्रश्न तर कार्बनच्या रॉडलाही तसाच लागू आहे. शेंडा जितका वेळ थरथरेल तितका वेळ माशाची खबर त्या थरथरीत हरवते.

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या काठ्या आल्या, आणि १९७३ मध्ये अमेरिकेतल्या फेनविक कंपनीने कार्बनची काठी बाजारात आणली. हा बदल फक्त हलकेपणाचा नव्हता. सर्वसाधारण कार्बनचा तंतू काचेच्या तंतूच्या सुमारे तिप्पट ताठ असतो आणि वजनाने पाऊणपटीहूनही थोडा कमी भरतो. त्यामुळे बारीक, पोकळ नळीतसुद्धा हवा तेवढा ताठपणा मिळू लागला. नळीचं गणित विलक्षण आहे. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर ताठपणा आठपट होतो. लांबीचं गणित उलट चालतं. त्याच जाडीची काठी दोन मीटरऐवजी अडीच मीटर केली, तर टोकाला तेवढंच वजन टांगल्यावर ती जवळजवळ दुप्पट झुकते. लांब काठी घेतली की आपोआप जास्त ताकद मिळते, हा गैरसमज या एका आकड्याने दूर व्हावा. लांबी फेकीसाठी आणि काठावरच्या झुडपांपलीकडे पोचण्यासाठी असते. तिच्यासाठी ताठपणाची किंमत मोजावी लागते.

हल्ली काही रॉडचं अंग पोकळ कार्बनचं आणि शेंड्याची शेवटची वीत-दीड वीत भरीव कार्बनची असते. भरीव शेंडा पोकळ शेंड्याहून बारीक करता येतो, म्हणून हलक्या टिपेला तो झुकतो आणि तुटत नाही. कटला आणि तिलापियासाठी मला हीच रचना सर्वांत पसंत आहे. आपल्या मानवेलीचा भरीव शेंडा हेच काम शतकानुशतकं करत आला आहे.

दुकानात काठी हातात घ्या ती रीळ लावून, नुसती नव्हे. रीळ लावल्यावर तोल बदलतो, आणि तास-दोन तास हातात धरायची वस्तू तोलातच पारखावी. कड्यांमधून दोरी ओवून टोक एखाद्या सोबत्याच्या हाती द्या आणि त्याला हलके हलके खाली ओढायला सांगा. वाक वरच्या तिसऱ्या हिश्श्यात गोळा होऊन थांबतो का ते बघा. जोडावर वाक मोडल्यासारखा अडखळत असेल तर ती काठी परत ठेवा. शेंड्याकडच्या कड्या जवळजवळ बसवलेल्या हव्यात. लांब लांब असल्या तर दोरी काठीच्या वाकाबरोबर न जाता आडवाटेने जाते. मुठीवर लिहिलेले आकडे जरूर वाचा. आमिषाचं वजन दोन ते आठ ग्रॅम आणि दोरी चार ते आठ पौंड असं लिहिलेलं असेल, तर ती काठी आपल्या तलावांच्या कामाची. दहा ते तीस ग्रॅम लिहिलेली काठी हातात कितीही छान बसली तरी तीन ग्रॅमच्या शिशाला ती ओळखणार नाही.

ताठ काठीबरोबर दोरी कोणती वापरायची यावर अर्धं यश अवलंबून आहे, आणि नेमकं इथेच लोक दुसरं टोक गाठतात. विणलेली पीई (पॉलिइथिलीन) दोरी जवळजवळ ताणत नाही, नायलॉनची चांगलीच ताणते. ताठ काठी, न ताणणारी दोरी आणि पातळ ओठ, या तिघांना एकत्र आणलं की ओठ फाटणारच. म्हणून कटल्यासाठी नायलॉन वापरा, किंवा पीईला पुढे हातभर तरी नायलॉनचा तुकडा जोडा. रीळचा ड्रॅग सैल ठेवा. मासा ओढू लागला की दोरी सुटली पाहिजे. गळ रुतवायला हिसका देऊ नका, काठी मनगटाने वर उचला. रीळबद्दल मी पुस्तकात फार लिहिलेलं नाही. चांगला ड्रॅग असलेलं साधं स्पिनिंग रीळ पुरेसं आहे.

काठी घेऊन कुठे बसायचं याबद्दल थोडं, कारण नुसती काठी सांगून मोकळं होणं मला योग्य वाटत नाही. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या विणीचा काळ म्हणून मासेमारी बंद असते. तेव्हा काठी घरीच असावी. पुष्कळ तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना पट्ट्याने दिलेले असतात. त्यांच्या पाण्यात त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातलं पीक उपटणं. इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले, आणि २०२५ मध्ये इंदूरला पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. यशवंत सागर मोठा आहे, तिथे नियम बघून जिथे परवानगी असेल तिथे बसता येतं. सिरपूर मात्र पक्ष्यांसाठी राहू द्यावा. काठावर राहिलेला नायलॉनचा एक गुंता बगळ्याचा किंवा पाणकावळ्याचा पाय कायमचा निकामी करतो. तुटलेली दोरी वेचून घरी नेणं हा गळाच्या कामाचाच भाग समजावा.

पहिली काठी कोणती घ्यावी असं अनेक तरुण मित्र विचारतात, म्हणून नेमकं सांगतो. सहा ते सात फूट लांबी, दोन तुकड्यांची, लाइट पॉवर, फास्ट ॲक्शन, शक्य असल्यास भरीव शेंडा, आणि चार किंवा सहा पौंडाचं नायलॉन. लहान मुलासाठी साडेपाच फुटांची काचतंतूची काठी घ्या. ती थोडी सुस्त असते, पण दारात चेंगरली किंवा दगडावर आपटली तरी टिकते. कार्बनची काठी तेवढ्याने आतून तडकते, आणि तडा दिसतो तो नंतर मासा लागल्यावर. कार्बन विजेचा वाहक आहे हे मात्र कधीही विसरू नका. आपल्या कितीतरी तलावांच्या काठावरून शेतपंपांच्या विजेच्या तारा जातात. तारांखाली काठी उभी धरून चालू नका, आडवी धरा, आणि फेक करण्याआधी वर बघा. मे अखेरीस माळव्यात वळवाचे ढग चढू लागतात. पहिला गडगडाट ऐकला की गळ गुंडाळा, काठी आडवी करून जमिनीवर ठेवा आणि तिच्यापासून लांब, पक्क्या छपराखाली किंवा बंद गाडीत जाऊन बसा.